लसणाची पाकळी आणि कांद्याचं उळं

शंकेखोर : मॅडम, निमगाव सावा, साकोरी, बेल्हे हा आमचा सगळा पट्टा कांद्याचा. बांधाच्या कडेला घरापुरता लसूणही असतो. दोघं एकाच कुळातले, दोघांच्याही पेशीत गुणसूत्रं सोळाच. पण लसणाची पाकळी लावली की तोच लसूण परत मिळतो. तोच वास, तोच आकार, तेवढेच दिवस. कांद्याचं तसं होत नाही. बराखीत ऑक्टोबरपर्यंत न सडता, न मोड येता टिकलेले, बारीक मानेचे, एकडोळी कांदे मी निवडतो. ते डेंगळ्यासाठी लावतो, गोंडे वाळले की उळं, म्हणजे बी, काढतो. आणि पुढच्या वर्षी बघावं तर वाफ्यात चार तऱ्हा. कुठं जोड कांदा, कुठं जाड मानेचा, कुठं फिकट. निवड मी चोख केली होती, बिघाड फुलात झाला. म्हणून पुस्तकात अर्धगुणसूत्री विभाजनाचं कौतुक वाचतो तेव्हा माझं मन मानत नाही. पारखून घेतलेला संच जी प्रक्रिया मोडून टाकते, तिचं कौतुक कशासाठी? साधं सूत्री विभाजन काय वाईट होतं? एका पेशीच्या दोन, दोन्ही सारख्या. मुळापासून पातीपर्यंत अख्खं झाड त्याच्यावरच वाढतं. पुढची पिढीही त्याच्यावरच चालवली असती तर काय अडलं असतं?

कैवारी : अण्णा, फुलात नेमकं काय होतं ते आधी जवळून पाहू, मग बिघाड कशाला म्हणायचं ते ठरवू. डेंगळ्याच्या एका गोंड्यात काही शे फुलं असतात आणि ती टप्प्याटप्प्यानं उमलतात. उमललेलं फूल पाहून उपयोग नाही, त्यातलं काम केव्हाच उरकलेलं असतं. दोन-तीन मिलिमीटरची हिरवी, घट्ट मिटलेली कळी घ्यायची. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ती ठेवायची, मग सुईनं सहा परागकोशांपैकी एक सोडवून काचपट्टीवर ॲसिटोकार्मिनच्या थेंबात चिरडायचा आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. कळी नेमक्या वयाची निघाली तर सूक्ष्मदर्शकाखाली लालसर रंगलेल्या आठ आकृती दिसतात. सोळा नाहीत, आठच. कारण एका पालकाकडून आलेलं गुणसूत्र आणि दुसऱ्याकडून आलेला त्याचा जोडीदार एकमेकांना बिलगलेले असतात. मुळाच्या टोकाशी हे दृश्य कधी दिसत नाही; तिथं सोळाच्या सोळा सुटी येतात आणि प्रत्येकाची एकेक प्रत दोन्ही बाजूंना जाते.

कळीत डीएनएची नक्कल एकदाच होते आणि विभाजनं लागोपाठ दोन. पहिल्यात जोड्या फुटतात, दुसऱ्यात प्रती वेगळ्या होतात. एका पेशीच्या चार होतात आणि प्रत्येकीत आठच गुणसूत्रं उरतात. कांद्यात या सगळ्याला सुमारे चार दिवस लागतात. त्यातला मोठा वाटा पहिल्या पूर्वावस्थेत जातो, म्हणजे जोडीदार शोधण्यात, त्याला लांबीभर बिलगण्यात आणि एकमेकांचे तुकडे बदलून घेण्यात. मग कुठल्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र कोणत्या बाजूला जाणार हे प्रत्येक जोडीपुरतं स्वतंत्र ठरतं. नुसत्या या वाटणीनंच एका झाडापासून २५६ तऱ्हेचे परागकण निघू शकतात. तुकड्यांची अदलाबदल धरली तर मोजदादच नको. तुम्ही ज्याला बिघाड म्हणता त्यासाठी पेशी चार दिवस खपते, अण्णा. तो अपघात नव्हे.

आणि तुमच्या वाफ्यातल्या चार तऱ्हांचा सगळा दोष या विभाजनावर टाकू नका. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकून झडतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फूल स्वतःच्या परागावर सहसा फळत नाही. मधमाशी दुसरीकडून पराग आणते. शेजारच्या रानात कुणी बाजारचं उळं टाकलेलं असेल आणि त्याला डेंगळे आले असतील, तर तुमच्या बियाण्याचा बाप तिथला. निवड तुम्ही आईची केली, बापाची झालीच नाही.

शंकेखोर : बापाचं मान्य. फुरसुंगी या गावठी वाणाचं शुद्ध उळं राखायचं तर दुसऱ्या कांद्यापासून लांब लावावं लागतं, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. पण तुमच्या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात, त्या सोडवून घेऊ. अर्धं करणं मला पटतं. परागातली आठ आणि बीजांडातली आठ मिळून सोळा. अर्धी केली नाहीत तर दर पिढीला दुप्पट होत जातील. जर्मनीच्या ऑगस्ट वाइसमाननं १८८७ च्या सुमाराला नुसत्या तर्कावर सांगितलं होतं की अशी घट कुठं तरी झालीच पाहिजे. तो हिशेब झाला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तुकड्यांची अदलाबदल कशाला? फळमाशीच्या नरात ती होतच नाही म्हणतात, तरी त्याच्या जोड्या बरोबर फुटतात आणि वंश चालतो. मधमाशीच्या नराचं तर आणखी वेगळं. तो अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्यात गुणसूत्रं मुळातच अर्धी. म्हणून शुक्राणू बनवताना तो आणखी अर्धी करत नाही, आपला संच जसाच्या तसा पुढं देतो. म्हणजे निसर्ग जिथं गरज नाही तिथं हे टाळतो. मग हिशेबासाठी मिसळ लागतेच असं कसं म्हणायचं?

कैवारी : फळमाशीच्या नराचं उदाहरण खरं आहे. पण तो अपवाद आहे, आणि जोड्या धरून ठेवण्याची त्याची सोय निराळी आहे. कांद्यात, माणसात, बहुतेक सजीवांत ती सोय म्हणजेच अदलाबदल. पहिल्या विभाजनाच्या वेळी जोडीदारांना दोन विरुद्ध टोकांकडून ओढ लागते. रस्सीखेचीत दोर ताणलेला असला की दोन्ही बाजूंना माणसं आहेत हे कळतं, तसं त्या ताणावरून पेशीला कळतं की ही जोडी नीट उभी आहे. दोर म्हणजे जिथं तुकडे बदलले गेले ती फुली. जोडीत एकही फुली पडली नाही तर दोघं सुटी भरकटतात, कधी दोघंही एकाच बाजूला जातात. माणसात २१ वी जोडी अशी चुकली तर मुलाला डाऊन सिंड्रोम होऊ शकतो. २१ वं गुणसूत्र जादा असणं हे त्याचं कारण फ्रान्समध्ये १९५९ साली उलगडलं. मुलीच्या बीजपेशींत हे विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होतं, मध्येच थांबतं आणि पुढं कित्येक वर्षांनी, ते बीज पक्व होताना पुढं सरकतं. तेवढा काळ त्या फुल्यांनी जोड्या धरून ठेवायच्या असतात. वय वाढेल तशा चुका वाढतात, त्या बऱ्याच अंशी यामुळे.

ही फुली पाडण्यासाठी पेशी काय करते ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. ती स्वतःचा डीएनए स्वतःच कापते. दोन्ही धागे, आरपार, अनेक ठिकाणी. हे काम करणारं प्रथिन १९९७ साली ओळखलं गेलं, स्पो-११ त्याचं नाव. एरवी असा एक काप दुरुस्त झाला नाही तरी पेशी मरू शकते. इथं ती हे काप मुद्दाम घालते आणि दुरुस्तीसाठी जोडीदाराच्या धाग्याचा आधार घेते. त्या दुरुस्तीतून काही ठिकाणी अदलाबदल पक्की होते. म्हणजे मिसळ आणि हिशेब वेगळे काढता येत नाहीत. मिसळीनंच हिशेब जुळतो.

शंकेखोर : मग तुम्ही माझीच बाजू बळकट केलीत. फुली हवी ती जोडी धरायला. नव्या जुळण्या हा तिच्यामागून आलेला परिणाम. तो हेतू म्हणून का सांगायचा?

कैवारी : यावर तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते, कारण तो कांद्याच्या घरातलाच आहे. चीन-जपानकडं पातीसाठी एक कांदा लावतात, ॲलियम फिस्टुलोसम. त्याच्याही गुणसूत्रांच्या आठच जोड्या. पण त्याच्या फुल्या जवळजवळ सगळ्या गुणसूत्रबिंदूच्या लगत, मध्याशी पडतात. आपल्या कांद्यात त्या गुणसूत्राच्या हातांवर लांबवर पसरलेल्या असतात. १९३० च्या दशकातच हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे. म्हणजे फिस्टुलोसममध्ये जोडी धरली जाते, हिशेब जुळतो आणि गुणसूत्राचे दोन्ही हात मात्र बरेचसे अखंड राहतात. तेव्हा मिसळ किती करायची हे पेशीच्या हाती आहे, असं म्हणावं लागतं. पण याच पुराव्याची दुसरी बाजू बघा. मिसळ कमी करण्याची वाट मोकळी असताना आपल्या कांद्यानं ती धरली नाही. कमी करता येत असून जी गोष्ट कमी झालेली नाही, ती निव्वळ मागून आलेली असेल असं मानणं मला जड जातं.

शंकेखोर : जड जाणं हा पुरावा नव्हे. खर्चाकडं या. इंग्लंडचे जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९७० च्या दशकात मांडलेला हिशेब असा : नराशिवाय नुसत्या लेकी जन्माला घालणारी मादी निघाली, तर तिचा वंश दर पिढीला दुपटीनं पुढं जाईल. कांद्याचं फूल नर-मादी एकत्र असलेलं, त्याला हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही, ठीक. पण मोडतोडीचा खर्च लागूच आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट बघा, फळं साच्यातून काढल्यासारखी. ती संकराची पहिली पिढी. तिचं बी धरून लावलं की उंच, बुटकं, मऊ, कडक, सगळं निघतं. शेतकऱ्यानं बी धरू नये म्हणून कंपनीला पहारा ठेवावा लागत नाही. झाडाच्या कळीतच ती तजवीज आहे. दरसालचा बियाण्याचा खर्च म्हणजे या विभाजनाचंच बिल आहे, आणि ते मी भरतो.

उलट ज्या पिकांनी हे टाळलं त्यांचं काय बिघडलं? ऊस कांडीवर लावतो, द्राक्ष काडीवर, हापूस कलमावर. विघ्नहर कारखान्याला येणारा को ८६०३२ किती तरी वर्षं शेतात आहे तो कांडीतूनच. आणि संकरित कांद्याचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथं १९२५ साली हेन्री जोन्स यांना इटालियन रेड वाणात एकच नरवंध्य झाड सापडलं. त्याला स्वतःचं बी धरणं शक्य नव्हतं. पण त्याच्या गोंड्यात फुलांच्या जागी छोट्या कांद्या आल्या होत्या आणि त्या लावून ते झाड टिकवलं गेलं. जगातला संकरित कांदा ज्याच्यावर उभा राहिला, ते झाडच हे विभाजन टाळून जगलं.

कैवारी : जगलं, आणि पुढं त्याचं काय केलं? दुसऱ्या कांद्यांचे पराग त्याच्यावर टाकले. तो पराग कुठल्या विभाजनातून आला? त्या झाडाच्या बीजांडातही हेच विभाजन धड चालू होतं. वंध्यत्व फक्त नराच्या बाजूला, आणि तेही विभाजन उरकल्यानंतर पराग मरतो म्हणून. को ८६०३२ ही कांडीतून वाढला, पण जन्मला कोइमतूरला, दोन उसांच्या फुलांच्या संकरातून. हापूस कलमानं टिकला, पण पहिला हापूस कुठल्या तरी कोयीतूनच उगवला असणार. वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना निघाला, तोही कोयीतूनच. कलमानं मिळालेलं राखता येतं. नवीन काही मिळवायचं तर फुलाकडंच यावं लागतं.

राखणंही किती काळ जमतं ते शेजारी आंबेगाव तालुक्यात बघा. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. बटाटा म्हणजे कंदाचा तुकडा, हुबेहूब नक्कल. तरी तिथला शेतकरी दरसाल मंचरहून पंजाबचं बेणं आणतो, कारण घरच्या बेण्यात रोग साचत जातात. आयर्लंडमध्ये जवळजवळ एकाच जातीच्या बटाट्यावर गरीब जगत होते. १८४५ पासून करपा आला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. सगळी झाडं एकाच रचनेची, म्हणून एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं.

शंकेखोर : या दोन्ही दाखल्यांना मी हात लावतो. पंजाबचं बेणं का, तर विषाणू साचतात म्हणून. ते तर ऊतिसंवर्धनानंही निघतात. त्यासाठी गुणसूत्रांची उलटापालट कशाला? आणि आयर्लंडचं म्हणाल तर तो करपा ज्या जीवानं आणला, त्याच्या जुन्या वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचा डीएनए २०१३ साली तपासला गेला. त्यात निघालं की तो सगळा एकाच वंशाचा होता, मिलनाशिवाय पसरलेला. त्याला लागणारी दुसरी मिलनजात तेव्हा युरोपात नव्हतीच. म्हणजे नक्कल करत पसरणाऱ्यानं दुसऱ्या नकलेला हरवलं. यातून विभाजनाची महती कशी सिद्ध होते? फार तर एवढं म्हणा की एकाच जातीवर अवलंबून राहू नये. ते दहा वेगवेगळे लसूण लावूनही साधेल.

कैवारी : विषाणूचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. बियाण्यातून पुष्कळ विषाणू पुढं जात नाहीत हा फायदा खरा, पण तो गुणसूत्रांच्या मिसळीचा नव्हे. आयर्लंडचाही दाखला मी मागं घेते, निदान जेवढा मोठा करून सांगितला तेवढा. त्याऐवजी एक प्रयोग सांगते. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात २०११ साली सूक्ष्म सूत्रकृमींचे समूह करून त्यांच्याबरोबर एक रोगकारक जिवाणू ठेवला आणि त्यालाही पिढ्यान्‌पिढ्या बदलू दिलं. जे कृमी फक्त स्वतःशीच फलन करत होते ते २० पिढ्यांच्या आत संपले. जे दुसऱ्याशी मिलन करत होते ते टिकले. जिवाणू बदलू दिला नाही तेव्हा असं झालं नाही. इथं दहा वेगवेगळे लसूण पुरत नाहीत, अण्णा, कारण रोग त्या दहांनाही शिकून घेतो. अकरावा कुठून आणणार?

लसणाचंच बघा. फुलणं गेल्यामुळे त्याच्यात नवं काही आणायचं म्हणजे अपघातानं झालेले बदल शोधत बसायचं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं दिलेले भीमा ओंकार, भीमा पर्पल हे लसूण निवडीनं आले. तिथलेच लोक कांद्यात मात्र संकर करू शकतात. जपानच्या ताकेओमी एतोह यांना १९८० च्या दशकात मध्य आशियात बी धरणारा लसूण सापडला तेव्हा जगभरच्या पैदासकारांना एवढा आनंद का झाला असेल? बंद पडलेलं दार किलकिलं झालं होतं.

शंकेखोर : पैदासकारांना आनंद झाला. पैदासकार आणि मी यांतला फरक इथंच आहे, आणि आपला सगळा वाद मला आता तिथं येऊन ठेपलेला दिसतो. हे विभाजन चांगलं की वाईट, हा प्रश्नच अर्धवट होता. चांगला संच ज्याच्या हातात आहे, त्याचं ते आज नुकसान करतं. फायदा होतो तो पुढच्या, वेगळ्या कुणाचा, रोग बदलल्यावर, केव्हा तरी. माझ्या चार तऱ्हांपैकी एखादी तऱ्हा करप्याला दाद न देणारी असेलही. पण आळेफाट्याच्या बाजारात भाव मिळतो एकसारख्या मालाला. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. निसर्गातही तसंच ना? मोडतोड त्या झाडाची, जगण्याची शक्यता वंशाची.

कैवारी : हे मला मान्य आहे, आणि ते स्त्री बाजूला आणखी स्पष्ट दिसतं. परागकोशात चारही पेशी कामाला येतात. कांद्याच्या बीजांडात पहिलं विभाजन झालं की दोनपैकी एक पेशी मरून जाते. उरलेलीतून पुढं अंडपेशी तयार होते, ती एकच. एका फुलात फार तर सहा बिया. एवढं सगळं वेचून, टाकून दिलं जातं. पण फायदा अगदीच परका असतो असं मी म्हणणार नाही. यीस्टवर २०१६ मध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की चांगला बदल आणि वाईट बदल एकाच गुणसूत्रावर अडकून पडलेले असले तर मिलनामुळे ते सुटे होतात. तुमच्या उत्तम कांद्यातही काही वाईट गुण चांगल्यांच्या आड लपलेले असतात. दहा-वीसच कांदे निवडून त्यांच्याच आपसातल्या उळ्यावर दोन-तीन पिढ्या काढल्या की ते उघडे पडतात आणि पीक खुरटतं. कांद्याला हे इतर अनेक पिकांपेक्षा जास्त बाधतं. म्हणून निदान शंभर-दोनशे कांद्यांचं उळं एकत्र धरायला हवं. मोडतोड जितकी रुंद पायावर, तितकं नुकसान कमी.

शंकेखोर : आणि ती मोडतोडच बंद करता आली तर? डेव्हिसलाच, जिथं जोन्स यांना ते झाड सापडलं, तिथल्या संशोधकांनी २०१९ साली भातात तीन जनुकं बंद करून या विभाजनाचं साधं विभाजन केलं, आणि अंडपेशीला परागाविना वाढायला लावलं. म्हणजे संकरित भातात हे जमलं की त्याचं बी लावूनही तोच संकरित भात. सुरुवातीला थोड्याच बिया हुबेहूब होत्या. २०२२ पर्यंत ते ९५ टक्क्यांपुढं गेलं. उद्या कांद्यात ते जमलं तर मी पहिल्यांदा रांगेत उभा राहीन. माझा कांदा लसणासारखा वागेल, बियाण्याचं बिल संपेल. तुम्ही मला अडवणार कशाच्या आधारावर?

कैवारी : अडवणार नाही. तुमच्या जागी असते तर मीही तेच घेतलं असतं. भीती एवढीच की या पट्ट्यातल्या प्रत्येकानं तेच घेतलं तर फुरसुंगी कोण फुलवणार? तुम्ही म्हणालात तसं, खर्च एकाचा आणि लाभ सगळ्यांचा. मग तो खर्च एकट्या शेतकऱ्यावर का टाकायचा, सरकारनं, बाजार समितीनं, बियाणं विकणाऱ्यांनी तो का वाटून घेऊ नये? याचं तयार उत्तर माझ्याकडं नाही. पण ते मिळेपर्यंत थांबायची सोय कांद्यानं ठेवलेली नाही. गहू-हरभऱ्याचं बी डब्यात काही वर्षं निभावतं. कांद्याचं उळं साध्या डब्यात वर्षभरानंतर भरवशाचं राहत नाही. त्यामुळे गावठी वाण ज्यांच्याकडं आहे त्यांनी दोन गुंठे तरी डेंगळे लावा, इतर कांद्यापासून लांब लावा, शंभराहून जास्त कांदे निवडा आणि मूठभर उळं शेजारच्या गावातल्या कुणाला तरी द्या. गोट, म्हणजे बियाण्यासाठी निवडलेले कांदे, लावायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. तो हंगाम दोनदा चुकला की त्या वाणाचं उगवणारं उळं घरात उरत नाही.